समुद्रकाठच्या लग्नाचं वेळापत्रक

धाकट्या भावाचं लग्न वेंगुर्ल्याच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून असलेल्या एका गावात ठरलं, आणि वऱ्हाड तिथं पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सत्तरच्या दशकातली शेवटची दोन-तीन वर्षं चालू होती. मी बेळगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. मला एसटीच्या वेळा पाठ असतात असा घरात समज होता, आणि तो खरा होता. वृत्तपत्राचे गठ्ठे कुठल्या गाडीनं कुठं जातात हे आमच्या कामाचाच भाग होतं.

भाऊ सावंतवाडीला बँकेत होता. मुलीचे वडील त्या गावच्या शाळेत मुख्याध्यापक होते. लग्न दारातच व्हावं हा त्यांचा आग्रह. मे महिना असल्यामुळे शाळा रिकामी होती, आणि शाळेच्या मागच्या कुंपणापासून वाळू सुरू होत होती. वऱ्हाडाची उतरायची सोय त्या शाळेत होणार होती. दोन वर्ग बायकांना, तीन पुरुषांना, आणि मांडव सुरूच्या झाडांखाली.

आमच्याकडे लग्नघर चार-पाच दिवस आधीपासून भरतं. लेकी येतात, हळद दळतात, पापड लाटतात, भांडतात. या लग्नात ते जमणार नव्हतं. वऱ्हाडातले निम्मे लोक नोकरदार, त्यांना शनिवारी अर्धा दिवस आणि रविवार एवढीच सुट्टी. म्हणून हळदसुद्धा शनिवारी संध्याकाळी शाळेतच लावायची, रविवारी अकरा बावन्नच्या मुहूर्तावर लग्न, चारला परत, असं मी ठरवलं. चार दिवस मी दीड दिवसात बसवले. अग्रलेख दोन कॉलममधून एकात आणताना वाटतं तसं समाधान तेव्हा मला वाटलं होतं.

माणसं दोन बाजूंची होती. एक बेळगावची, म्हणजे आम्ही, शेजारी, कचेरीतले, आणि खानापूरकडून येणारे आईच्या माहेरचे शेतकरी. दुसरी निपाणीची, म्हणजे भाऊबंद. दोन बस ठरवल्या. बेळगावची बस शिनोळीवरून चंदगडच्या बाजूनं आंबोलीला येणार, निपाणीची संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत. दोन्ही बसनी चार वाजता आंबोलीत भेटायचं आणि पुढं मिळून घाट उतरायचा. बस राज्याची हद्द ओलांडणार म्हणून परवाना लागत होता, आणि परवान्याला प्रवाशांची यादी तीन प्रतींत जोडावी लागे. त्यामुळे कोण कुठल्या बसमध्ये कुठून चढणार हे महिनाभर आधी कागदावर पक्कं झालं.

त्या महिन्यात मला जे प्रश्न विचारले गेले त्यांवरून लक्षात आलं की यांतल्या निम्म्यांहून अधिक लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. बेळगावपासून तो शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, पण तिकडं काम पडलं नव्हतं. आईच्या थोरल्या भावानं विचारलं की तिथं विहीर आहे का, की पाणीही खारटच प्यायचं. कोर्टातल्या एका कारकुनानं भरतीची वेळ मागितली, ती मी मुलीच्या वडिलांकडून पत्रानं मागवून दिली. समोरच्या घरातल्या काकूंना रात्री आवाज येतो का हे हवं होतं, कारण त्यांची झोप हलकी होती. दोघांनी मला बाजूला घेऊन शनिवारी मासे मिळतील का विचारलं, आणि त्यांतला एक शनिवार पाळणारा होता. खानापूरकडच्या एका चुलत मामांचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. रविवारी रात्री परत आलो नाही तर म्हशीची धार कोण काढणार. त्यांना मी लेखी हमी दिली.

या सगळ्याची उत्तरं एका पत्रकात घालायचं ठरवलं. कुणी, कुठं, किती वाजता उभं राहायचं. बस दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही. ज्यांना घाट लागतो त्यांनी आंबोलीत काही खाऊ नये आणि खिडकीशी बसावं. वाळूत चपला हातात घ्याव्यात. विहिरीचं पाणी गोडं आहे. संध्याकाळी सहापर्यंत पोचायचं, म्हणजे सूर्य बुडायच्या आत सगळ्यांना समुद्र दिसेल. हे शेवटचं वाक्य वेळापत्रकात बसत नव्हतं, तरी ठेवलं.

पत्रक आमच्याच छापखान्यात, उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर छापलं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे आमचे एक कंपोझिटर निपाणीजवळच्या खेड्यातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, आणि लग्नाला येणारे. मला ते घरातल्यासारखं अरेतुरे करत. कोर्टातल्या दोघा पाहुण्यांना मराठी बोलता येई, पण वाचता कन्नड येई. आमच्याकडे कन्नड खिळे नव्हते, म्हणून त्यांच्या प्रतींच्या पाठीवर मी हातानं लिहून दिलं. तेवढी काळजी मी घेतली होती.

निपाणीकडची यादी जुळवताना कंपोझिटर एका ओळीशी थांबले. ती ओळ माझ्या थोरल्या बहिणीची होती. तिला आम्ही आक्का म्हणतो. ती निपाणीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दीड मैल आत असलेल्या एका गावी दिलेली. तंबाखूची शेती, सासू, नवरा, दहा वर्षांची मुलगी.

“आक्काला बी हेच पोस्टानं धाडणार?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, बस तिच्या फाट्यावरूनच जाते.

“फाट्यावर जाती. दारात न्हाय.”

मी म्हटलं की बाजाराला ती दर आठवड्याला फाट्यापर्यंत चालत येते.

“बाजाराला चालत जात्यात,” ते म्हणाले. “म्हायेरला आपनआपन कोण जात न्हाय रं.” आणि पुढची ओळ जुळवायला लागले.

घरी आईनंही विचारलं होतं, पोरीला आणायला कोण जाणार. लेकीला सासरहून आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. तो दारात येतो, सासूला विचारतो, जेवतो आणि लेकीला घेऊन निघतो. अकरा-बारा वर्षं ते काम माझं होतं. नागपंचमीला मी जायचो, दिवाळीला जायचो. अलीकडच्या दोन पंचम्यांना मला रात्रपाळी होती आणि धाकटा सावंतवाडीला, त्यामुळे कुणीच गेलं नव्हतं, आणि आक्का आली नव्हती. मी आईला नकाशा काढून दाखवला. निपाणीहून तिला आधी बेळगावला आणायचं म्हणजे पाऊणशे किलोमीटर उलटं यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्राकडे. त्यात काही अर्थ नव्हता. आई नकाशाकडं बघत राहिली. मग तिनं विषय सोडला, आणि मला ते पटल्यासारखं वाटलं.

शनिवारी बेळगावची बस दीडला सुटली. ठरल्या वेळेला. आदल्या दिवशीच सावंतवाडीहून घरी आलेला भाऊ आमच्याच बसमध्ये होता. आंबोलीत आम्ही चारला सात मिनिटं कमी असताना पोचलो. निपाणीची बस आमच्या मागून दहा मिनिटांनी आली. त्या बसची जबाबदारी एका चुलतभावाकडे होती. तो शाळामास्तर होता आणि यादीवर बरोबरच्या खुणा करत आला होता. खाली उतरून त्यानं यादी माझ्या हातात दिली. आक्काच्या घरच्या तीन नावांपुढं खुणा नव्हत्या.

फाट्यावर आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, एकटेच उभे होते असं त्यानं सांगितलं. त्यांनी एक कापडी पिशवी दिली. बसमध्ये चढा म्हटलं तर चढले नाहीत. त्यांच्या आईचा निरोप होता, तो चुलतभावानं मला बाजूला घेऊन शब्दाला शब्द सांगितला.

“कागुद आलाय, माणूस आला न्हाय. आमची सून कागदावर जात न्हाय.”

त्यानं दहा मिनिटं वाट बघितली होती. पत्रकात तसं लिहिलं होतं.

पिशवी आईनं बसमध्येच उघडली. नवरीला साडी, एक नारळ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मुंडावळ्या. पांढऱ्या मण्यांच्या, घरी ओवलेल्या. आक्कानं ओवायला घेतल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. धाकटा आक्काहून पंधरा वर्षांनी लहान. आईच्या बाळंतपणाच्या दुखण्यात त्याला तिनंच अंगाखांद्यावर वागवलेलं. ती हातातली मण्यांची माळ आईनं त्याच्याकडं दिली आणि खिडकीतून मला हाक मारली.

“दोन पंचम्या कोण गेलं न्हाय,” ती म्हणाली. “आता लग्नाला बी कोण गेलं न्हाय. व्हय न्हवं?”

मी होय म्हणालो.

“मग तू जा. बस काय, ती जातीया तुझ्याबगर.”

भाऊ तिच्या शेजारी बसला होता. कपाळाला अजून काही लागलेलं नव्हतं. त्यानं मला एवढंच विचारलं की मुहूर्ताच्या आधी पोचाल का. मी मनात वेळा मांडल्या. पहाटे पाच चाळीसला फाट्यावर संकेश्वरकडं जाणारी गाडी, गडहिंग्लजला बदल, साडेदहाच्या आत मांडवात. मी म्हणालो, साडेदहाला.

यादी चुलतभावाला दिली. दोन्ही बस घाटाकडे वळल्या. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उलट्या दिशेच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो. त्या दिवशी सगळ्यांनी सूर्य समुद्रात बुडताना पाहिला, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. तेव्हा मी गडहिंग्लजच्या स्टँडवर होतो.

आक्काच्या गावी पोचायला आठ वाजले. दार उघडं होतं. दाराशी पत्र्याची ट्रंक भरून, दोरी बांधून ठेवलेली. सासूबाई जोत्यावर बसल्या होत्या. त्यांना मी लहानपणापासून ओळखत होतो. त्या मोठ्यानं कधी बोलत नसत.

“या पावनं,” त्या म्हणाल्या. “बस चुकली काय तुमची?”

मी म्हणालो, बस गेली. मी आक्काला न्यायला आलोय.

“न्यायला आलाय व्हय. मग उभं का? हात-पाय धुवा.”

आक्का आतून तांब्या घेऊन आली. अंगावर घरातलं लुगडं होतं, पण केसात दुपारचा गजरा तसाच, वाळलेला. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं. तेवढ्यात हळू आवाजात म्हणाली, “उशीर झाला रं.” ती रागावली आहे की नाही ते मला कळलं नाही. मग ती चुलीकडं गेली.

जेवताना मी सासूबाईंना पाच चाळीसच्या गाडीचं सांगितलं. पावणेपाचला निघावं लागेल, मुहूर्त अकरा बावन्नचा आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून देवळीतून माझं पत्रक काढून आणलं. चार घड्या घातलेलं होतं. ते त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

“पोरीनं चारदा वाचून दावलं आमाला,” त्या म्हणाल्या. “सगळं हाय ह्यात. कुठं चढायचं, काय खायाचं, ओकारी आली तर कुठं बसायचं. पाणी गोडं हाय ते बी हाय. तुमी येणार का न्हाय, तेवढं न्हाय.”

दाजी खाली मान घालून जेवत होते. पत्रक मी लिहिलं होतं आणि दोनदा तपासलं होतं. त्यात काय राहिलं हे मला कुणीतरी दाखवून द्यायची ती पहिली वेळ.

सकाळी साडेचारला जाग आली तेव्हा चुलीवर पुरण शिजत होतं. मी आक्काला म्हणालो, वेळ नाही. ती म्हणाली, मला नको सांगू, त्यांना सांग. मी सासूबाईंना सांगायला गेलो. त्या पाट्याशी बसून पुरण वाटत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“मुराळी उपाशी गेला असं या घरात झालेलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं तुमी आलाच न्हाईत, ती गोष्ट येगळी.”

तेव्हा मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. हात जोडून, मुहूर्ताचं कारण सांगून, आक्काला तशीच घेऊन निघता आलं असतं. त्या अडवणाऱ्या नव्हत्या. पण मग आक्का पुन्हा त्या दारात परत येणार होती, आणि मी बेळगावला. दुसरी गोष्ट म्हणजे बसणं. मी बसलो. हात धुवायचा म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि परत बांधलं नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. दाजी माझ्यासोबत जेवले. सासूबाई समोर बसून वाढत होत्या आणि बेळगावच्या भाज्यांचे भाव विचारत होत्या. पाच चाळीसची गाडी हमरस्त्यावरून गेली असेल तेव्हा मी तिसरी पोळी खात होतो.

जेवण झाल्यावर त्यांनी आक्काची ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि ओंजळभर तांदूळ, जास्तच. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “न्या आता. बुधवारपत्तुर ऱ्हाऊ दे तिला. दोन वर्सांचं हाय.”

दाजींनी बैलगाडीनं फाट्यावर सोडलं. ते येणार नव्हते. आई आणि जनावरं, दोन्ही त्यांच्यावर होती. ट्रंक, आक्का, भाची आणि मी सव्वासातच्या गाडीत चढलो. आता मुहूर्ताला पोचणं शक्य नव्हतं. मला ते चढतानाच माहीत होतं. आक्काला मी ते संकेश्वर येईपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिलाही माहीत आहे, तिला उन्हावरून वेळ कळते.

गडहिंग्लजला पुढच्या गाडीसाठी तासभर थांबावं लागलं. आजऱ्याच्या पुढं झाडी वाढली आणि हवा गार झाली. भाची खिडकीशी बसून पत्रक वाचत होती, कुठलं गाव आलं त्यावर बोट ठेवत. आक्का मधे, मांडीवर पदराची ओटी धरून. ती मला वेळ विचारायची, मी सांगायचो. साडेदहा झाले तेव्हा तिनं विचारलं. सव्वाअकराला विचारलं. आंबोली मागं पडली आणि गाडी घाट उतरायला लागली तेव्हा पुन्हा विचारलं. अकरा अठ्ठेचाळीस.

“चार मिंटं,” ती म्हणाली.

तिनं ओटीची गाठ सोडली. त्यातले थोडे तांदूळ मुठीत घेतले, थोडे भाचीच्या हातात दिले, थोडे माझ्या. काय करायचं ते सांगितलं नाही. मी घड्याळ हातात धरून बसलो. दैनिकात शेवटचं पान सोडताना फोरमन असाच माझ्याकडं बघायचा, मी मान हलवली की यंत्र सुरू व्हायचं. अकरा बावन्न झाले तशी मी मान हलवली. आक्कानं भाचीवरून हात नेऊन खिडकीबाहेर, खाली दिसणाऱ्या कोकणाच्या दिशेनं तांदूळ टाकले. भाचीनं टाकले. मी टाकले. वाऱ्यानं काही परत आत आले आणि पुढच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीवर पडले.

कंडक्टर मागून आला. काय टाकताय बाहेर, त्यानं विचारलं.

“आमच्या भावाचं लगीन लागलं आत्ता,” आक्का म्हणाली.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. गाडीत नवरा नव्हता, नवरी नव्हती. मग त्याला काय उलगडलं कोण जाणे. त्यानं तिकिटांची पेटी काखेला मारली आणि तळवा पुढं केला. “मग मला बी द्या की दोन दाणं,” तो म्हणाला. ते त्यानं त्याच्या बाजूच्या खिडकीतून टाकले आणि पुढं तिकीट फाडायला गेला. टोपीवाल्यानं टोपी झटकली नाही.

सावंतवाडीला पुन्हा गाडी बदलून आम्ही मांडवात पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. जेवणाची दुसरी पंगत बसली होती. कुणी आम्हाला येताना पाहिलं आणि आत सांगितलं. भाऊ पंगतीतून उठून आला, कपाळावर त्या मण्यांच्या मुंडावळ्या तशाच. तो आक्काच्या पाया पडायला वाकला तेव्हा त्या लोंबल्या. तिनं त्या सरळ केल्या, आणि एका बाजूची दोरी सैल होती ती घट्ट बांधून दिली.

“वेळेवर लागलं?” तिनं विचारलं.

“अकरा बावन्नला,” तो म्हणाला.

ती म्हणाली, “व्हय. आमचं बी तेवाच लागलं.” त्याला ते भाचीनं नंतर समजावून सांगितलं.

मी त्याला साडेदहा म्हणालो होतो. त्याबद्दल त्यानं तेव्हा काही विचारलं नाही, आणि पुढंही कधी नाही. आईनं मला काही वेळानं विचारलं, तिथं जेवलास का. मी म्हणालो, पुरणपोळी. तिनं मान हलवली आणि आम्हा तिघांची पानं मांडायला सांगितली.

लग्नाच्या फोटोत आम्ही तिघं नाही. छायाचित्रकार आधीच्या एसटीनं निघून गेला होता. त्याच्या परतीची वेळ मीच ठरवून दिली होती.

चारला दोन्ही बस निघायच्या होत्या. पावणेचारला आई आणि आक्का शाळेच्या मागच्या कुंपणातून वाळूवर गेल्या. मागोमाग खानापूरचे मामा, ज्यांना म्हशीची काळजी होती. मग कंपोझिटर, मग समोरच्या काकू, ज्यांना रात्री आवाजामुळं झोप लागली नव्हती आणि त्या ते प्रत्येकाला सांगत होत्या. सगळ्यांच्या चपला हातात होत्या. आक्का गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते म्हणून आईचा हात धरून हसली. चुलतभाऊ यादी घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, सव्वाचार झाले. मी त्याला म्हणालो, थांबू.

बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटल्या. म्हशीची धार त्या दिवशी शेजाऱ्यांनी काढली. परतीत आक्का आमच्या बसमध्ये होती. तिचं नाव बेळगावच्या यादीत नव्हतं. नाक्यावर विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, पण कुणी विचारलं नाही. ती बुधवारपर्यंत राहिली. गुरुवारी मी तिला पोचवायला गेलो.

त्या लग्नानंतर माझं नाव झालं. दोन बस, ऐंशीच्या वर माणसं, दोन वाटा, एक घाट, कुणी हरवलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही. पुढची दहा-बारा वर्षं ओळखीतल्या कुणाचं लग्न लांब असलं, गोकर्णाकडं, मालवणकडं, की लोक यादी घेऊन कचेरीत येत. मी वेळा काढून देत असे. त्यांच्या यादीत मी पेन्सिलीनं एक जादा रकाना आखायचो, आणि त्यावर लिहायचो, आणायला कोण. बहुतेकांना तो रकाना कशासाठी हे विचारावं लागत नसे. ज्यांना विचारावं लागे ते शहरातलेच असत.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा भाचीचं लग्न ठरलं, निपाणीतच. पत्रिका पोस्टानं आली. छान छापली होती. लग्न रविवारी होतं, आणि मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं जायचं ठरवून पाळी बदलून घेतली होती. गुरुवारी दुपारी मान वर केली तर दाजी टेलिप्रिंटरशेजारच्या बाकावर बसलेले. डोक्याला नवा फेटा. किती वेळ बसले होते ते शिपायालाही माहीत नव्हतं. त्यांच्या आई जाऊन तोपर्यंत तीन वर्षं झाली होती.

मी म्हणालो, दाजी, पत्रिका मिळाली होती की. कशाला एवढ्या लांब आला.

“पत्रिका पोस्टानं येती,” ते म्हणाले. “मामाला न्यायला आलोय.”

माझ्यापुढं दोन पानं शिल्लक होती. ती होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले. चहा दोनदा घेतला. पाचच्या सुमाराला मी उठलो, शुक्रवार-शनिवारची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि पिशवी घेतली. जिन्यात त्यांना विचारलं की कुठली गाडी धरायची म्हणून आलाय.

“ते तुमी बघा,” दाजी म्हणाले. “त्यातलं मला काय कळत न्हाय.”

आणि माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली.